घरातले सगळे फोन: कामाची अ‍ॅप, फसवी अ‍ॅप आणि पैसे गेल्यावरचा पहिला तास

लग्नसराईत व्हॉट्सअ‍ॅपवर एक फाईल येते. नाव ‘लग्नपत्रिका’ आणि नावाच्या शेवटी टिंब देऊन ‘एपीके’. पाठवणारा नंबर अनोळखी असेलच असं नाही. मामांचा असतो, सोसायटीच्या सेक्रेटरींचा असतो, जुन्या शाळासोबत्याचा असतो. गावाकडे हीच फाईल ‘पीएम किसान यादी’ म्हणून फिरते, शहरात ‘आरटीओ चलन’ म्हणून. वरचं नाव बदलतं, आतला माल तोच राहतो.

पत्रिका कधीही एपीके नसते. पत्रिका हा फोटो असतो, व्हिडिओ असतो, नाहीतर पीडीएफ असते. एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनवर चालणारं आख्खं अ‍ॅप, बांधून ठेवलेलं. प्ले स्टोअरवरून आपण जे अ‍ॅप घेतो तेही फोनमध्ये उतरताना असंच बांधलेलं असतं. फरक एवढाच की तिथे ते गूगलच्या तपासणीतून गेलेलं असतं आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेलं कुणीच तपासलेलं नसतं.

आधी एक दिलासा. फाईल फोनमध्ये आली, एवढ्यानं काहीही बिघडत नाही. ती उघडावी लागते, मग फोन विचारतो की बाहेरचं अ‍ॅप टाकू देऊ का, तिथे ‘हो’ म्हणावं लागतं, आणि अ‍ॅप सुरू झाल्यावर ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं, तिथे पुन्हा ‘हो’ म्हणावं लागतं. म्हणजे चोर कुलूप तोडत नाही, दार आपल्याकडूनच उघडून घेतो. म्हणून यातल्या कुठल्याही पायरीवर थांबता येतं.

शेवटचा ‘हो’ दिल्यावर मात्र गोष्टी भराभर घडतात. अ‍ॅप सगळे मेसेज वाचू लागतं आणि ओटीपी आला की दुसऱ्या फोनवर पाठवून देतं. त्याच वेळी ते एखादा साधा दिसणारा फॉर्म दाखवतं: ‘पडताळणीसाठी कार्डाचा नंबर भरा.’ आता यूपीआय पिन नव्यानं तयार करायला काय लागतं ते आठवा. डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, कार्डाची मुदत आणि एक ओटीपी. पहिल्या दोन गोष्टी फॉर्ममधून मिळाल्या, तिसरी मेसेजमधून. तुम्ही कुणालाही ओटीपी सांगितला नाही, तरी तो गेला. आणि मग तेच अ‍ॅप तुमच्या ओळखीच्या सगळ्यांना तुमच्या नावानं पत्रिका पाठवतं. मामांकडून आलेली फाईल मामांनी पाठवलेलीच नव्हती.

अँड्रॉइडमध्ये प्ले प्रोटेक्ट नावाचा पहारा असतो. मेसेज वाचणारी किंवा स्क्रीनवर ताबा मिळवणारी परवानगी मागणारं बाहेरचं अ‍ॅप असेल, तर भारतातल्या फोनवर ते बसूच न देण्याची सोय गूगलनं २०२४ मध्ये सुरू केली. म्हणूनच फसवणारे हल्ली फोनवर बोलता बोलता ‘आधी प्ले प्रोटेक्ट बंद करा, मग होईल’ असं सांगतात. ते बंद करायला सांगणारा माणूस कोण आहे, हे त्या एका वाक्यातच कळतं.

चुकून दाबलं गेलंच, तर पहिलं काम इंटरनेट तोडायचं: डेटा बंद, वायफाय बंद, सरळ फ्लाइट मोड. मग दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून बँकेला कळवायचं. ते अ‍ॅप सेटिंगमध्ये जाऊन काढायचं. निघत नसेल तर फोटो आणि कागदपत्रं वाचवून फोन पूर्ण रिसेट करायचा. पासवर्ड बदलायचे ते स्वच्छ फोनवरून, त्याच फोनवरून नाही. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडून तिथे आपला नसलेला संगणक किंवा फोन दिसतोय का पाहायचं आणि दिसला तर तो काढून टाकायचा.

कोणतं अ‍ॅप काय मागतंय

अ‍ॅप चांगलं की वाईट हे ओळखायला तज्ज्ञ असावं लागत नाही. अ‍ॅपचं काम काय आणि ते मागतंय काय, एवढं जुळवून पाहिलं तरी पुष्कळ कळतं.

दामिनी हे अ‍ॅप घ्या. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं, म्हणजे पाषाणच्या आयआयटीएमनं ते तयार केलंय. देशभर बसवलेली यंत्रं विजेचा कडकडाट टिपतात आणि तुमच्यापासून २० ते ४० किलोमीटरच्या आत वीज पडत असेल तर फोनवर इशारा येतो. आता या अ‍ॅपला तुम्ही कुठे आहात हे कळल्याशिवाय इशारा देता येणार नाही, म्हणून ते लोकेशन मागतं. मागणं रास्त आहे, द्यावं. शेतात काम करणाऱ्या माणसाच्या फोनमध्ये हे अ‍ॅप असायलाच हवं असं मी म्हणेन, कारण मेच्या अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला वळवाच्या पावसात झाडाखाली थांबणं जिवावर बेतू शकतं आणि त्या वेळी हाताशी फोनच असतो.

आता टॉर्चचं अ‍ॅप घ्या. उजेड पाडायला त्याला तुमच्या फोनमधले नंबर कशाला हवेत? वॉलपेपरच्या अ‍ॅपला मेसेज कशाला वाचायचेत? अशी मागणी आली की अ‍ॅप काढून टाकावं. टॉर्च तर फोनमध्ये असतोच.

या सगळ्यात एक परवानगी वेगळी काढून लक्षात ठेवावी, ती म्हणजे ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’. दृष्टी अधू असलेल्या किंवा हात नीट चालत नसलेल्या माणसांसाठी ही फार मोलाची सोय आहे. स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणं, आवाजावर बटण दाबणं हे सगळं तिच्यामुळे होतं. पण जे अ‍ॅप स्क्रीन वाचू शकतं आणि बटण दाबू शकतं, ते तुमच्या नकळत बँकेचं अ‍ॅप उघडून बटणंही दाबू शकतं. घरात अशी गरज कुणाला नसेल तर त्या यादीत एकही बाहेरचं अ‍ॅप चालू नसावं. सेटिंगमध्ये जाऊन पाहायला दोन मिनिटं लागतात.

कर्ज देणाऱ्या अ‍ॅपांचं तर उघड आहे. ‘दहा मिनिटांत कर्ज’ म्हणणारी अ‍ॅप आधी फोनमधले सगळे नंबर आणि फोटो मागतात, आणि हप्ता चुकला की नातेवाइकांना बदनामीचे मेसेज जातात. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे कर्जाच्या अ‍ॅपनं नंबरांची यादी, फोटो-फाईल, कॉलची नोंद यांना हात लावायचा नाही. ओळख पटवण्यापुरता कॅमेरा किंवा लोकेशन, तेही एकदा आणि तुमच्या संमतीनं, एवढीच मुभा. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर १ जुलै २०२५ पासून अशा अ‍ॅपांची यादीही आहे. त्या यादीत नाव नसेल तर त्या अ‍ॅपकडून पाच हजारसुद्धा घेऊ नयेत.

कामाच्या अ‍ॅपांची लांब यादी देण्यात अर्थ नाही, कारण प्रत्येक घराची गरज वेगळी. तरी काही नावं सांगावीशी वाटतात. डिजिलॉकरमध्ये, म्हणजे कागदपत्रं फोनवर ठेवायच्या सरकारी अ‍ॅपमध्ये, लायसन आणि गाडीचं आरसी ठेवलं तर ते कागदाइतकंच ग्राह्य धरायचं, असं केंद्रानं २०१८ मध्येच राज्यांना कळवलंय. मूळ कागद घरात सुरक्षित राहतात, म्हणून मला ते सोयीचं वाटतं. रेल्वेचं रेलवन अ‍ॅप जुलै २०२५ मध्ये आलं आणि लोकलच्या तिकिटापासून लांबच्या आरक्षणापर्यंत एकाच ठिकाणी होऊ लागलं. शेतकऱ्याला ई-पीक पाहणी, म्हणजे शेतातल्या पिकाची फोनवरून करायची नोंद, टाळता येत नाही. महावितरणचं अ‍ॅप ठेवावं, त्याचं कारण पुढे येईल. आणि कुठलंही अ‍ॅप घेताना गूगलवर शोधून आलेल्या लिंकवरून घेऊ नये. प्ले स्टोअर किंवा अ‍ॅपस्टोअर उघडून तिथे नाव टाकावं आणि खाली ते कुणी बनवलंय हे वाचावं. कस्टमर केअरच्या नंबराचंही तेच. शोधात सगळ्यात वर दिसणारा नंबर फसवणाऱ्यानं तिथे आणून ठेवलेला असू शकतो. बँकेचा नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो, तोच खरा.

घाई, भीती आणि एकटेपण

फोनवरून होणारी फसवणूक तंत्रज्ञानापेक्षा माणसाच्या मनावर जास्त चालते. वीजबिलाचा मेसेज पाहा: ‘आज रात्री साडेनऊला तुमची वीज कापली जाईल, ताबडतोब या नंबरवर फोन करा.’ हा मेसेज दुपारी येतो, घरात फक्त आई-बाबा असतात. त्या नंबरवर फोन केला की समोरचा गोड बोलून स्क्रीन दुसऱ्याला दाखवणारं एखादं अ‍ॅप टाकायला लावतो, आणि ‘तपासणीसाठी फक्त दहा रुपये भरा’ म्हणतो. तुम्ही काय टाइप करताय ते त्याला तिकडे दिसत असतं.

आता कायदा काय म्हणतो? विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. ‘आज रात्री’ तोडता येतच नाही. शंका वाटली तर महावितरणचं अ‍ॅप उघडून आपला बारा अंकी ग्राहक क्रमांक टाकावा, बिल भरलंय की नाही ते तिथेच दिसतं. म्हणून ते अ‍ॅप ठेवावं म्हटलं.

‘डिजिटल अरेस्ट’मध्ये हीच घाई भीतीत बदलते. व्हिडिओ कॉलवर पोलिसाच्या गणवेशातला माणूस दिसतो, मागे अशोकचिन्ह असतं, आणि तो सांगतो की तुमच्या आधारवर पाठवलेल्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, आता कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, घरात कुणाला सांगायचं नाही. भारताच्या कुठल्याही कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये हेच सांगितलं होतं. तरीही शिकलेली, निवृत्त झालेली, आयुष्यभर हिशेब चोख ठेवलेली माणसं यात सापडतात, आणि याचं कारण ‘घरात कुणाला सांगायचं नाही’ या वाक्यात आहे. दुसऱ्या माणसाचा आवाज कानावर पडला की हा खेळ मोडतो, हे फसवणाऱ्यांना पक्कं माहीत असतं.

म्हणून आई-बाबांना द्यायचं सगळ्यात उपयोगी वाक्य एकच: ‘मुलाला विचारून सांगते,’ आणि फोन ठेवून द्यायचा. समोरचा पोलिस असो, बँकवाला असो की कुरियरवाला. खरा असेल तर तो थांबेल किंवा चौकीत बोलवेल.

हल्ली नातवाच्याच आवाजात ‘आजी, मला पोलिसांनी पकडलंय, पैसे पाठव’ असा फोन येऊ शकतो. थोडंसं रेकॉर्डिंग मिळालं तरी आवाजाची नक्कल करता येते. तिथेही फोन ठेवायचा आणि आपल्याकडे आधीपासून असलेल्या नातवाच्या नंबरवर आपण स्वतः फोन लावायचा. घरातच ठाऊक असलेलं एखादं नाव किंवा प्रश्न ठरवून ठेवला तर आणखी चांगलं.

काही बाहेरच्या खुणाही कामी येतात. मे २०२५ पासून कंपन्यांकडून येणाऱ्या एसएमएसच्या नावाशेवटी एक इंग्रजी अक्षर असतं: जाहिरात असेल तर ‘पी’, सेवेबद्दल असेल तर ‘एस’, व्यवहाराचा असेल तर ‘टी’, सरकारी असेल तर ‘जी’. बँकेचा म्हणून आलेला मेसेज साध्या दहा अंकी नंबरवरून आला असेल तर तो बाजूला टाकावा. बँका आणि सरकारी कार्यालयांच्या सेवेच्या फोनसाठी १६०० नं सुरू होणारे नंबर दिलेले आहेत, विक्रीच्या फोनसाठी १४० चे. रिझर्व्ह बँकेच्या सांगण्यावरून बँकांनी आपले संकेतस्थळांचे पत्ते ‘डॉट बँक डॉट इन’ वर नेले आहेत. या खुणा बघाव्यात, पण त्यांच्याच भरवशावर कुणाला पैसे देऊ नयेत.

यूपीआयबद्दल एकच नियम घरातल्या सगळ्यांना पाठ असला तरी बरंच वाचतं. पिन फक्त पैसे देताना किंवा शिल्लक पाहताना लागतो, पैसे घेताना कधीच लागत नाही. क्यूआर कोड स्कॅन केल्यानंही पैसे जातात, येत नाहीत. जुनं कपाट विकायची जाहिरात टाकली की ‘मी पैसे पाठवतोय, तुम्ही फक्त हा कोड स्कॅन करून पिन टाका’ म्हणणारा लगेच उगवतो. एकानं दुसऱ्याकडे पैसे मागायची ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ अशा फसवणुकीमुळेच यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तींमधल्या व्यवहारांसाठी बंद केली. दुकानदार आणि कंपन्यांसाठी ती अजून आहे.

पैसे गेले तर: १९३०

इथे जरा थांबून नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण पुष्कळांना वाटतं की गेलेले पैसे गेले.

१९३० हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय नंबर. तिथे तक्रार नोंदवली की ती त्याच यंत्रणेला जोडलेल्या बँकेला लगेच दिसते. तुमच्या खात्यातून पैसे ज्या खात्यात गेले, तिथे ते अजून असतील तर ती बँक ते गोठवते. पुढच्या खात्यात गेले असतील तर तक्रार त्या बँकेकडे सरकते. चोर मात्र बसून राहत नाहीत. कमिशनवर घेतलेल्या खात्यांमधून पैसे फिरवत एटीएममधून काढून घेतात. म्हणजे तक्रार आणि पैसे एकाच वाटेनं धावत असतात, आणि तक्रार जितक्या लवकर निघेल तितकी ती पैशाला गाठण्याची शक्यता जास्त. पहिला तास सगळ्यात मोलाचा आहे तो यासाठी.

फोन करताना खातं कोणत्या बँकेतलं, किती रक्कम, किती वाजता आणि व्यवहाराचा बारा अंकी यूटीआर क्रमांक हाताशी ठेवा. हा क्रमांक यूपीआय अ‍ॅपमध्ये त्या व्यवहाराच्या तपशिलात असतो. नंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार पूर्ण करा आणि मिळालेला तक्रार क्रमांक जपून ठेवा. बँकेला वेगळं कळवायलाच हवं. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक सांगतं की चूक ना तुमची ना बँकेची, मधल्याच कुणाची असेल आणि तुम्ही तीन कामकाजी दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर बोजा शून्य. ओटीपी किंवा पिन तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर गेलेल्या पैशांची जबाबदारी बँकेची. दोन्हीकडे वेळच मोजली जाते.

आणि म्हणूनच घरात रागावणं महागात पडतं. बाबांनी सकाळी काहीतरी दाबलं, वीस हजार गेले, आणि ‘पोरगं ओरडेल’ म्हणून त्यांनी रात्रीपर्यंत सांगितलं नाही, तर त्या बारा तासांत पैसे चार खात्यांमधून फिरून निघून जातात. ‘तुम्हाला किती वेळा सांगितलं’ हे वाक्य ज्या घरात वरचेवर बोललं जातं, त्या घरात तक्रार उशिरा होते. मुलांबाबतही अगदी हेच. कुणी चूक केली तर पहिल्या दिवशी प्रश्न एकच विचारावा: किती वाजता झालं?

आई-बाबांच्या फोनची एक दुपार

सुट्टीत घरी गेल्यावर बसून ही कामं उरकता येतात. सगळ्यात आधी, यूपीआय कोणत्या खात्याला जोडलंय ते पाहा. पेन्शनच्या किंवा ठेवींच्या खात्याला जोडलेलं असेल तर तोडा. भाजी, औषधं, रिक्षा यांच्यासाठी वेगळं छोटं खातं ठेवा आणि त्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे टाका. माझ्या मते या लेखातल्या सगळ्या उपायांमध्ये हा सर्वांत भक्कम आहे, कारण बाकी सगळे चुकले तरी नुकसानीला मर्यादा राहते. बँकेच्या अ‍ॅपमध्ये एटीएम आणि ऑनलाइन व्यवहारांची रोजची मर्यादाही कमी करून ठेवता येते.

ज्यांना स्वतंत्र यूपीआय नको वाटतं त्यांच्यासाठी यूपीआय सर्कल आहे, २०२४ पासून. मुलीचं किंवा मुलाचं खातं मुख्य, आईचा फोन त्याला जोडलेला. एक पर्याय असा की आईनं दुकानात कोड स्कॅन केला की मुलीच्या फोनवर मंजुरी येते आणि तिनं पिन टाकल्यावरच पैसे जातात. दुसऱ्यात महिन्याला जास्तीत जास्त १५,००० रुपयांपर्यंत मर्यादा ठरवून दिली की आई तेवढ्यात स्वतः खर्च करते. आई नाशिकला आणि मुलगी बेंगळुरूला असली तरी हे चालतं.

आधारच्या अ‍ॅपमध्ये बायोमेट्रिक लॉक करायची सोय आहे. अंगठ्याचा ठसा लावून खात्यातून पैसे काढता येतात आणि तिथे ओटीपी येत नाही, त्यामुळे ठशाची नक्कल करून पैसे काढल्याच्या तक्रारी होतात. लॉक केलं की ते होत नाही. पण घाईनं गावाकडच्या आजीचं लॉक करून परत येऊ नका. रेशन दुकानात अंगठा लावावा लागतो, काही ठिकाणी पेन्शनही अंगठ्यावरच मिळते, आणि लॉक असलं की मशीन नाही म्हणतं. तिथे लॉक उघडून देणारं कुणी जवळ असेल तरच हे करावं.

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा अंकी पिन लावा, म्हणजे कुणाला ओटीपी मिळाला तरी व्हॉट्सअ‍ॅप त्याच्या ताब्यात जात नाही. ग्रुपमध्ये कोण टाकू शकतं तिथे ‘माय कॉन्टॅक्ट्स’ करा. शेअर बाजारात दुप्पट करून देणारे ग्रुप बरेचसे तिथूनच आत येतात. अनोळखी कॉल गप्प करायची सोयही तिथेच आहे. शेवटी १९३०, बँकेचा नंबर, ११२ आणि ज्येष्ठांसाठीची मदतवाहिनी १४५६७ एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावा. अडचणीच्या वेळी फोनच हातात नसेल, किंवा बंद ठेवावा लागेल.

पोरांचे फोन

अनेक घरांत फोनचा खरा जाणकार बारा वर्षांचा असतो. आजीला अ‍ॅप तोच टाकून देतो, बाबांचा पिन त्याला ठाऊक असतो. त्याचं कौतुक करावं, पण यूपीआय पिन त्याला माहीत नसावा आणि स्क्रीनचं कुलूप व यूपीआयचा पिन एकच नसावा. लहान मूल खेळायला फोन मागतं तेव्हा अँड्रॉइडमध्ये ‘अ‍ॅप पिनिंग’ करून द्यावा. पिन टाकल्याशिवाय त्या एका अ‍ॅपच्या बाहेर जाताच येत नाही.

मुलाचा स्वतःचा फोन असेल तर अँड्रॉइडवर फॅमिली लिंक आणि आयफोनवर स्क्रीन टाइम. नवीन अ‍ॅप घेताना तुमची मंजुरी लागणं आणि रात्री ठरावीक वेळेला फोन बंद होणं या दोन गोष्टी लावल्या तरी पुरे. चोरून मेसेज वाचणारी अ‍ॅप मात्र मुलाच्या फोनमध्ये टाकू नयेत असं माझं ठाम मत आहे. एक तर अशी बरीच अ‍ॅप स्वतःच सगळा डेटा कुठेतरी पाठवत असतात, आणि मुलाला कळलं की ते दुसरं खातं उघडतं. मग तुम्हाला जे दिसत होतं तेही दिसेनासं होतं.

पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं बंद केले आहेत, त्यामुळे आता अशा खेळाची लिंक येते ती बेकायदा ठिकाणाचीच असते. हे मुलांना कारणासकट सांगावं.

सगळ्यात अवघड गोष्ट फोटोंची. कुणी ओळख वाढवून खासगी फोटो घेतो आणि मग पैशासाठी धमकावतो. मुलींनाच नाही, मुलग्यांनाही. अशा वेळी पैसे द्यायचे नाहीत, कारण एकदा दिले की मागणी वाढते. चॅट पुसायचं नाही, तोच पुरावा आहे. स्क्रीनशॉट घेऊन मग ब्लॉक करायचं. सायबरक्राइमच्या संकेतस्थळावर महिला आणि मुलांविरुद्धच्या अशा गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही करता येते, आणि मुलांसाठी १०९८ आहे. हे सगळं मुलाला वेळ यायच्या आधी, जेवताना सहज सांगितलेलं असावं. वेळ आल्यावर ते विचारायला येत नाही.

फोन हरवला, नंबर बंद झाला

लोकलच्या दारातून किंवा एसटी स्टँडवरून फोन गेला तर चोराला फोनपेक्षा सिम जास्त उपयोगी पडतं. कुलूप लावलेल्या फोनमधलं सिम काढून दुसऱ्यात टाकलं की ओटीपी तिकडे येतात. सेटिंगमध्ये सिम लॉक असतं, ते लावलं की सिम दुसऱ्या फोनमध्ये गेल्यावर पिन मागतं. तीनदा चुकला तर कंपनीकडून पीयूके, म्हणजे अडकलेलं सिम उघडणारा कोड, घ्यावा लागतो, म्हणून आधी कंपनीचा मूळ पिन विचारून घ्या, अंदाजानं टाकू नका.

चोरीनंतर आधी कंपनीला सांगून सिम बंद, बँकेला कळवून यूपीआय बंद, मग पोलिसांत तक्रार. त्याच नंबरचं नवं सिम घेतलं की केंद्र सरकारच्या संचार साथी या संकेतस्थळावर तक्रारीची प्रत आणि आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, देऊन तो फोन देशभरातल्या सगळ्या नेटवर्कवर बंद करता येतो, सापडल्यावर पुन्हा सुरूही होतो. आयएमईआय आत्ताच *#०६# दाबून पाहा आणि लिहून ठेवा. फोन गेल्यावर तो खोक्यावर शोधावा लागतो, आणि खोकं बहुधा टाकून दिलेलं असतं. संचार साथीवर आणखी एक पाहण्यासारखं: तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत. एका माणसाला देशाच्या बहुतेक भागांत नऊ सिमची परवानगी आहे. यादीत आपला नसलेला नंबर दिसला तर तिथेच ‘हा माझा नाही’ असं कळवता येतं.

जुना नंबर सोडताना घाई करू नये. बंद झालेला नंबर निदान ९० दिवसांनी कंपनी दुसऱ्या कुणाला देऊ शकते, आणि तुमच्या बँकेत, आधारमध्ये, गॅसच्या एजन्सीत तोच नंबर राहिला असेल तर ओटीपी त्या परक्या माणसाकडे जातील. आधी सगळीकडे नवा नंबर लावा, मग जुना बंद करा. घरातलं कुणी गेल्यावरही त्यांचं सिम लगेच बंद करू नका. ते चालू ठेवून आधी त्यांचं यूपीआय बंद करा, बँकेला कळवा, वारसाचे अर्ज द्या. विमा, भविष्यनिर्वाह निधी, वीज आणि गॅसची जोडणी यांतलं त्यांचं नाव आणि नंबर बदलून घ्या. ही कामं पूर्ण होईपर्यंत त्या नंबरचं सगळ्यात कमी मुदतीचं रिचार्ज चालू राहील, एवढं घरातल्या एकानं अंगावर घ्यावं.